सदामिस्त्रींची लाल चिंधी

सदामिस्त्री माणसांशी मराठीत बोलायचे आणि गाड्यांशी हिंदीत. ‘बोलायचे’ म्हटलं म्हणून दचकू नका. मिस्त्री आहेत, आष्ट्यात आहेत, दोन्ही वेळा भाकरी खातात. पण गाड्यांशी ते आता बोलत नाहीत आणि त्याला कारण मी आहे. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढे मी त्यांचं कौतुक करायला लागले की वाचणाऱ्याला वाटायचं, बाई किती गुणग्राहक!

पूर्ण नाव सदाशिव बनसोडे. फौजेच्या गाड्यांच्या वर्कशॉपात चोवीस वर्षं काढून हवालदार म्हणून बाहेर पडले. मूळचे माण तालुक्यातले, दहिवडीच्या अलीकडचे. पण पेन्शन घेऊन आले ते थेट सासुरवाडीला, आष्ट्याला. कुणी त्यावरून चिडवलं तर म्हणायचे, “आमच्याकडं मेंढरं लय आणि पानी कमी. बायकोच्या गावात नळ बघितला आणि म्हनलं, ठेवा पेटी हितंच.” रस्त्याकडेला पत्र्याची शेड, पाटी नाही. खाकी पँट, वर धुतलेला पांढरा बनियन, आणि चष्म्याची तुटलेली काडी हिरव्या वायरीनं बांधलेली. वायरिंगचं काम करताना ते आधी बोटातली अंगठी आणि मनगटावरचं घड्याळ काढून बायकोकडे, म्हणजे सुमनकाकूंकडे द्यायचे. काकू ते पदराच्या टोकाला बांधून कामाला लागायच्या. गाडी दुरुस्त झाली की पदर सुटायचा. गिऱ्हाइकाला काम कुठवर आलंय ते विचारायची गरजच पडायची नाही.

गाडी समोर आली की बोनेटवर दोन बोटं टेकायची आणि म्हणायचं, “हां, बोल. क्या तकलीफ है?” इंजिन कुरकुरलं की “सावधान!” आणि नीट लागलं की “विश्राम.” मी एकदा विचारलं, “मिस्त्री, मराठीत का नाही बोलत तुम्ही तिच्याशी?”

“गाडीला गाव नसतं, जात नसती ताई. हिंदीत सगळ्यास्नी सारखंच रागावता येतं.”

मी सांगलीत औषधांचं दुकान चालवते. वडील, म्हणजे आमचे दादा, पलूसला गुरांचे डॉक्टर होते. त्यांची पांढरी अँबॅसिडर त्यांच्यामागे अकरा वर्षं घराशेजारच्या पत्र्याखाली पोत्यांची झूल पांघरून उभी होती. घरात आता माझी थोरली बहीण राहते, अक्का. ती म्हणाली, “भंगारात दे बाई एकदाची, उंदीर व्यायलेत तिच्यात.” भंगार म्हटलं आणि माझं डोकं फिरलं. माझा स्वभावच तसा. कुणी नको म्हटलं की करायचं आणि करायचं ठरलं की कालच व्हायला हवं होतं. दादा म्हणायचे, ही पोर दूध तापायच्या आत साय शोधते.

सांगलीतले दोन मेकॅनिक येऊन बघून गेले. दोघांनीही एकदोन भाग बदलले आणि उरलेलं सगळं बदलायला सांगितलं. मग कुणीतरी आष्ट्याचं नाव घेतलं. मी मोबाइलवर पन्नास फोटो काढून नेले. मिस्त्रींनी एकही पाहिला नाही. “फोटूत आवाज येतो व्हय?” एवढंच म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी एसटीनं पलूसला हजर झाले. आले ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि तासभर काहीच केलं नाही. स्टेअरिंग एवढंसं डावीकडे, एवढंसं उजवीकडे. मी तीनदा चहा विचारला. चहा काम झाल्यावर, हा त्यांचा नियम होता. तोवर कपावर बशी झाकून ठेवायची आणि शेवटी तो गारढोण चहा गोड मानून प्यायचा.

मग बोनेट उघडून वायरिंग पाहिलं. उंदरांनी निम्म्या वायरी कुरतडलेल्या होत्या. मी उंदरांचा उद्धार करायला लागले तर म्हणाले, “उंदरानं खाल्लेली वायर बरी, कुठं तुटलीया ती दिसती. मानसानं जोडलेली वाईट.” आणि हसायलाच लागले. दादांनी आयुष्यभर जिथं जिथं वायर तुटली तिथं दवाखान्यातली चिकटपट्टी गुंडाळली होती. डाव्या दिव्याच्या वायरीला तर गुरांच्या जखमेला बांधायचं बँडेज निघालं. मला लाज वाटली. मिस्त्रींनी मात्र ते बँडेज हळूच सोडवलं, घडी घातली आणि माझ्या हातात दिलं. “डॉक्टरसायबांनी मलमपट्टी केलीया. टाकू नका.”

त्यांच्याकडे महागडं यंत्र एकच होतं, आणि ते त्यांनी स्वतः बनवलेलं. एक छोटा बल्ब, त्याला दोन वायरी, टोकाला चिमटा. त्याला ते ‘डोळा’ म्हणत. वीज कुठवर येते आणि कुठं अडते, हे त्या डोळ्याला दिसायचं. आमच्या गाडीचा हॉर्न डावं वळण घेतलं की आपोआप वाजायचा. आधीच्या दोघांनी हॉर्न बदलला, बॅटरी बदलली, रिले बदलला. गाडी तरी डावीकडे वळताना गावभर बोंब मारायची. मिस्त्री खाली आडवे झाले, डोळा लावला आणि मला म्हणाले, “स्टेरिंग फिरवा. हळू. घड्याळाचा काटा सरकतोय आसं समजा.” मी आपली पोळी लाटल्यासारखी भराभर फिरवली. “आवं ताई, तुमी काय रसाचा चरक फिरवतायसा? हळू!” चौथ्या खेपेला हॉर्न कुईं झाला. “थांबा! हितं हाय चोर.” स्टेअरिंगच्या नळीतून हॉर्नची वायर जाते. ती एका जागी सोलली होती आणि चाक डावीकडे गेलं की नळीला टेकत होती. बोटभर वायर बदलली आणि बोंब बंद झाली. आधीच्यांनी उगाच काढलेले तीन जुने भाग बाजूला ओळीत मांडले होते, ते मी मुकाट्यानं पिशवीत भरले.

स्टेअरिंगचं दुखणं मात्र मोठं होतं. गाडी सरळ रस्त्यावर इकडेतिकडे वाहायची. त्यांनी मला स्टेअरिंगवर बसवलं आणि स्वतः गाडीखाली एकेका सांध्यावर तळहात ठेवून पडून राहिले. मी फिरवायचं आणि त्यांनी हाताला काय कळतं ते बघायचं. डॉक्टरनं नाडी धरावी तसं. शेवटी म्हणाले, “बाकी सगळं ठीक. उजव्या चाकाचा बॉल जॉइंट ग्येलाय.” चाकाला वळवणारा दांडा जिथं जोडलेला असतो, तो हा सांधा. नवा भाग मागवला तो त्यांना पसंत पडेना. एकदा आला, परत. दुसरा आला, त्याच्या निमुळत्या खुंटीला त्यांनी तेलात कालवलेली कपड्याची नीळ लावली, जागेवर बसवली, काढली. नीळ एकाच बाजूची पुसली होती. “ह्यो अर्धाच टेकतोय. परत.” मी वैतागले. भाचीचं, अक्काच्या केतकीचं लग्न तीन आठवड्यांवर आलेलं आणि नवरी आजोबांच्या गाडीतून मांडवात जाणार, हे मी अख्ख्या भावकीला सांगून बसलेले. “मिस्त्री, कुणाला दिसणार आहे ती नीळ?” त्यांनी तो भाग खोक्यात भरला. तिसरा भाग आणायला स्वतः मिरजेला गेले आणि जुन्या गाड्यांच्या ढिगातून काढून आणला. त्याची नीळ चारी अंगांनी पुसली गेली तेव्हा मला बोलावून दाखवली. मी बघितल्यासारखं केलं.

आता त्या चिंधीचं सांगायला हवं. मी ते लांबवत होते.

असल्या सांध्याच्या खुंटीला आणि तिच्यावरच्या नटाला आरपार एक भोक असतं. नट आवळला की त्या भोकातून एक पिन घालून तिचे पाय वाकवायचे, म्हणजे नट फिरत नाही. मिस्त्री ही पिन पहिल्या दिवशी कधीच घालत नसत. नवा सांधा रात्रभर गाडीच्या वजनावर बसला की सकाळी नट अजून पाव फेरा घेतो, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या दिवशी नट बेताचा आवळायचा आणि पिनेच्या भोकातून एक लाल चिंधी ओवून चांगली वीतभर खाली लोंबत ठेवायची. सकाळी पक्कं आवळायचं, चिंधी काढायची, त्याच हातानं पिन घालायची. चिंधी आहे तोवर गाडी हलवायची नाही. फौजेत शिकलेलं, का स्वतःच्या डोक्यातून काढलेलं, मला ठाऊक नाही. पण आष्ट्यात लहानमोठ्या सगळ्यांना हे पाठ होतं. मलाही होतं, कारण एकदा आष्ट्याला शेडपुढे ऊन लागतं म्हणून मी दुसऱ्याच कुणाची तरी चिंधी लावलेली गाडी नुसती हातभर पुढे ढकलली होती, तर मिस्त्री माझ्यावर कधी नव्हे ते ओरडले होते. “चिंधी म्हंजे माझी सही न्हाई झाल्याली अजून!” म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

तिसरा भाग बसला तो लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी. मिस्त्री चिंधी ओवून उठले, गार चहा प्यायले आणि म्हणाले, “सकाळी सातला येतो, पिन घालतो, मग खुशाल मिरवा.”

संध्याकाळी फोटोवाला आला. हळद झाली होती, केतकी पिवळीधमक दिसत होती. फोटोवाला म्हणाला, कॅनॉलच्या कडेला आत्ता जो उजेड आहे तो उद्या मिळणार नाही. कॅनॉल दोन किलोमीटरवर. मी किल्ली घेतली. गाडी अंगणात उभी करून त्यानं एक फोटो काढला आणि म्हणाला, “मॅडम, चाकाजवळ ते लाल काय लोंबतंय? फोटोत येतंय.” मी वाकले आणि ओढली. गाठ लगेच सुटली. चिंधी पर्समध्ये टाकली. मनात आलं, दोन किलोमीटरनं काय होतंय.

जाताना काही झालं नाही. येताना, कच्चा रस्ता संपून डांबरी लागतो तिथं मी स्टेअरिंग वळवलं आणि एक चाक वळलं, दुसरं वळलं नाही. गाडी मोरीच्या कठड्याला जाऊन भिडली. वेग नव्हता म्हणून वाचलो. मला आणि फोटोवाल्याला मुका मार. केतकीचं कपाळ समोर आपटलं. पिवळ्या हळदीवरून ते रक्त ओघळताना मी पाहिलंय आणि अजून पाहते. तीन टाके पडले.

रात्रीतून ट्रॅक्टरनं गाडी ओढून अंगणात आणली. सकाळी सातला मिस्त्री आले, हातात पिन घेऊनच. मांडवात रडारड चाललेली. ते थेट गाडीखाली शिरले आणि बराच वेळ तिथंच राहिले. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा मला ओळखू येईना. अक्का माझ्या शेजारी उभी होती, रात्रभर रडून डोळे सुजलेली.

“ताई, नट पडलाय. भोकात चिंधीचा धागाबी न्हाई.” मग माझ्याकडे बघून, अगदी हळू, “चिंधी तुमी काढली न्हाईसा न्हवं?”

मी म्हटलं, “नाही.”

एवढाच शब्द. अक्काचा हात माझ्या खांद्यावर होता. ‘हो’ म्हटलं असतं तर तो हात निघाला असता आणि पुन्हा आला नसता, असं मला त्या क्षणी वाटलं.

मिस्त्रींनी मान हलवली. “मग मी बांधलीच न्हवती. माझ्याबिगार चिंधीला कोन हात लावत न्हाई. चिंधी बांधायची इसरलो, आनि चिंधी न्हाई म्हंजे गाडी तयार, आसंच कुनीबी धरनार.” ते अक्कापुढे गेले, हात जोडले. आत जाऊन केतकीपुढे हात जोडले. नवऱ्या मुलाच्या वडिलांपुढेही जोडले, त्यांनी तोंड फिरवलं. बांधलेल्या कपाळावर मुंडावळ्या बसेनात, त्या मागे ओढून बांधल्या. लग्न लागलं. मी अक्षता टाकल्या. पर्समध्ये चिंधी होती.

एवढ्या भागात बातमी पोचायला वेळ लागत नाही. टेंपोवाले आधी कमी झाले, मग ट्रॅक्टरवाले. पण ते कमी झाले नसते तरी फरक पडला नसता, कारण मिस्त्रींनी स्वतःच सांगायला सुरुवात केली होती, “बल्ब, वायर आसंल तर आना. स्टेरिंगला मी हात लावत न्हाई.” हे, आणि ते आता गाड्यांशी बोलतही नाहीत हे, मला लोकांकडून कळत होतं. मी आष्ट्याच्या बाजूला जातच नव्हते. इस्लामपूरला जायचं असलं तर दुसऱ्या रस्त्यानं जायचे.

मग वर्षभरानं सुमनकाकू माझ्या दुकानात आल्या. पदराला काही बांधलेलं नव्हतं. सांगलीच्या डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. मी वाचली. स्मरणशक्तीच्या गोळ्या होत्या.

“ह्यांच्या हो,” काकू म्हणाल्या. “डोक्याचा फोटू काढला, त्यात कायबी न्हाई म्हनत्यात. पन ह्यांचा इस्वासच न्हाई. गॅस चारदा बघत्यात. कडी लावली का म्हनून अर्ध्या वाटंतनं माघारी येत्यात. तुमच्या केतकीचं झाल्यापासनं चाललंय.”

काउंटरच्या अलीकडे मी उभी, पलीकडे त्या. सांगायचं तर तेव्हाच सांगायचं होतं. मी गोळ्या काढल्या, पाकिटावर पेनानं खूण केली आणि म्हटलं, “सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर द्या.” दुसऱ्या महिन्यात त्या पुन्हा आल्या. पुन्हा दिल्या. जो माणूस काही विसरलाच नव्हता, त्याला विसरू नये म्हणून मी औषध देत होते. इतकी वर्षं या धंद्यात आहे, इतकं खोटं औषध मी कुणाला दिलेलं नाही.

तिसऱ्या महिन्यात मी त्यांची वाट पाहिली नाही. रविवारी दुपारी आष्ट्याला गेले.

मिस्त्री शेडमध्ये एका टेंपोच्या दिव्याचं काम करत होते. मला बघून उठले, फडक्यानं खुर्ची पुसली. “या ताई. केतकी बरी हाय न्हवं? कपाळावर खून ऱ्हायली का?” आधी तेच विचारलं. मी बसले नाही. पर्समधून चिंधी काढली आणि त्यांच्या समोर धरली.

“ही मी काढली होती, मिस्त्री. फोटोत येत होती म्हणून. तुम्ही काही विसरला नव्हता.”

मला वाटलं ओरडतील. त्यांनी ती घेतली, टोक बोटांवर फिरवलं आणि विचारलं, “गाठ कापली का वडल्यावर सुटली?”

“ओढल्यावर सुटली.”

“सरकगाठ. बराबर. मी सरकगाठच मारतो.” मग माझ्याशी नव्हे, “म्हंजे इसरलो न्हवतो.” आणि पुन्हा, “इसरलो न्हवतो मी.”

काकू चहा घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी हे ऐकलं. त्या तशाच वळल्या आणि कप आत घेऊन गेल्या.

मी माफी मागायला लागले. मिस्त्रींनी हात वर केला. आवाज चढला नव्हता, पण मला तो अजून ऐकू येतो.

“पोरीला लागलं, त्यो अपघात. रस्त्यावर कुनाच्याबी हातनं हुतंय. पन सकाळी मी इचारलं आनि तुमी न्हाई म्हनलासा, त्यो अपघात न्हवता ताई. चवदा म्हैनं झालं, मी माज्या हाताकडं चोराकडं बघावं तसा बघतुय. मला एक सबूद सांगितला असता, तर चुकी मीच माजी म्हनून सांगितली असती सगळ्यास्नी. पन मला तरी ठावं असतं.”

मला रडू आलं. त्यांना त्याचं काही नव्हतं. म्हणाले, “अक्कास्नी ठावं हाय?”

“नाही.”

“मग लावा फोन. हितनंच.”

मी लावला. त्यांच्यासमोर, टेंपोला टेकून, सगळं सांगितलं. चिंधी, पर्स, सकाळचं ‘नाही’. शेवटी पलीकडून अक्का म्हणाली, “त्या माणसानं माझ्या पोरीपुढं हात जोडले होते गं,” आणि फोन बंद झाला. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. केतकीनं एकदा केला होता फोन, तोही दोन मिनिटंच. मी तक्रार करत नाही.

“झालं,” मिस्त्री म्हणाले. बरं झालं म्हणाले नाहीत, माफ केलं म्हणाले नाहीत. मी गोळ्या बंद करा म्हटलं तर, “त्ये डाक्टर सांगंल,” एवढंच. आणि कामाकडे वळले.

मी रस्ता ओलांडून गाडीत बसले, पण किल्ली लाववेना. समोरून ते दिसत होते. त्यांनी टेंपोच्या बॅटरीवर वायरीचं टोक बसवलं, नट आवळला, बोटांनी हलवून पाहिलं. पक्कं होतं. पाना ठेवायला दोन पावलं गेले आणि परत आले, पुन्हा हलवून पाहिलं. मग पाना खिळ्याला अडकवला, फडक्याला हात पुसले आणि घराच्या दाराकडे निघाले. मी मनात म्हणत होते, जा, मिस्त्री, आता जा आत. दारापाशी ते थांबले. माझ्याकडे पाठ होती. उंबऱ्यावर एक पाय ठेवून बराच वेळ तसेच उभे राहिले. मग मागे फिरले, टेंपोपाशी आले आणि तो नट तिसऱ्यांदा हलवून बघितला.